प्रत्येक उलटी पित्ताची नसते

*मी वाईत राहते, वय ५९. तीन आठवड्यांपूर्वी डाव्या डोळ्याचा पडदा सुटला म्हणून साताऱ्यात ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅस भरला. डोळ्याजवळ एक इंजेक्शन आणि शिरेतून झोपेचं औषध देऊ, काही कळणार नाही, असं सांगितलं होतं. पण मला सगळं ऐकू येत होतं. मध्येच डोळा ओढल्यासारखं झालं आणि जोरात कळ आली. हात हलवला तर ‘हलू नका मावशी’ म्हणून दटावलं. संध्याकाळी घरी आलो. रात्री भूल उतरल्यावर भुवईच्या आत असं ठणकायला लागलं की विचारू नका, आणि उलट्यांवर उलट्या. गाडी मला एरवीही लागते, म्हणून आधी वाटलं प्रवासाचं असेल. मग पित्त म्हणून आलं-लिंबू, कोकम, पित्ताची गोळी सगळं झालं. दवाखान्यात फोन केला तर ‘पेनकिलर द्या, सकाळी या’. सकाळी डोळ्याचं प्रेशर वाढलेलं निघालं. गोळ्या आणि थेंब दिल्यावर दुपारपर्यंत उतार पडला. आता उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय आणि माझी हिंमत होत नाही. आमचे हे म्हणतात, शेजारच्या काकू ऑपरेशन करून संध्याकाळी मालिका बघत बसल्या होत्या, तूच बाऊ करतेस. मी खरंच बाऊ करते का? आणि लेक पाचगणीला असते, महिनाभर माझ्याकडे ये म्हणते. जाऊ का? गॅसचा गोळा डोळ्यात खालच्या बाजूला अजून हलताना दिसतो.*
*— एक वाचक, वाई*

ताई, पाचगणीचं आधी सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही. जाऊ नका. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी हे फोनवर कळवलं होतं, पण वाई-महाबळेश्वर पट्ट्यातले बरेच जण हे सदर वाचतात, म्हणून इथेही लिहिते.

डोळ्यात भरलेला गॅस पडद्याला जागेवर दाबून धरतो आणि हळूहळू रक्तात विरून जातो. साधी हवा असेल तर आठवडाभरात जाते, एसएफ६ नावाचा गॅस असेल तर दोनेक आठवडे राहतो, सी३एफ८ असेल तर सहा ते आठ आठवडे. तीन आठवड्यांनी तुम्हाला गोळा दिसतोय, म्हणजे बहुधा शेवटचा भरला असावा. आता वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १,३०० च्या जवळ. एवढी उंची पसरणी घाट अर्ध्या तासात चढवतो. वाईत घेतलेलं वेफर्सचं पाकीट वर पोचेपर्यंत टम्म फुगलेलं तुम्ही पाहिलं असेल. डोळ्यातला गॅसही तसाच फुगतो, फक्त डोळ्याची भिंत पाकिटासारखी ताणली जात नाही. मग आतलं प्रेशर चढतं, डोळा ठणकतो, मळमळतं, आणि गाडीतले सगळे म्हणतात, घाट लागला असेल. प्रेशर फारच चढलं तर डोळ्याचा रक्तपुरवठा अडतो आणि ती नजर परत येत नाही. विमानाला मनाई करतात ती याच कारणाने, पण आपल्याकडे विमानापेक्षा घाट जास्त आडवे येतात. साताऱ्याहून कासला किंवा ठोसेघरला जायचं तरी तोच प्रश्न. पुण्याला जाताना खंबाटकी आहे, तेव्हा निघण्याआधी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. गॅस पूर्ण गेला, हे त्यांनी डोळा तपासून सांगेपर्यंत लेकीलाच वाईला बोलवा.

याच काळात दुसऱ्या कुठल्या कारणाने पूर्ण भूल द्यायची वेळ आली, समजा पडून हात मोडला, तर डोळ्यात गॅस आहे हे तिथल्या भुलीच्या डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायचं. भुलीत नायट्रस ऑक्साइड वापरला तर तो डोळ्यातल्या बुडबुड्यात शिरून त्याला फुगवतो. काही ठिकाणी यासाठी मनगटावर पट्टी बांधून देतात. तुम्हाला दिली असेल तर आंघोळीला अडचण होते म्हणून कापू नका.

आता तुमची ती रात्र. नाही, तुम्ही बाऊ केला नाही. मी नोकरीची सगळी वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काढली, त्यातली बरीच डोळ्यांच्या थिएटरमध्ये, आणि तुमच्या पत्रातली एकही गोष्ट मला वाढवून सांगितलेली वाटली नाही. तुमचं आणि शेजारच्या काकूंचं ऑपरेशन एकाच अवयवाचं, एवढंच त्यांच्यात सारखं. मोतीबिंदूचं काम डोळ्याच्या पुढच्या भागात होतं, पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं, आणि कित्येकदा नुसत्या थेंबांनी डोळा बधिर करून भागतं. पडद्याच्या ऑपरेशनला तास-दीड तास सहज लागतो, कधी त्याहून जास्त. त्यात डोळ्याच्या मागच्या भागात काम असतं, कडेचा पडदा दिसावा म्हणून बाहेरून भिंत दाबावी लागते, काहींना डोळ्याभोवती पट्टा बसवतात आणि त्यासाठी डोळा फिरवणारे स्नायू धरून ओढावे लागतात. तुम्हाला जी ओढ जाणवली ती यातलीच काहीतरी होती.

‘काही कळणार नाही’ हे सांगणं मात्र चुकीचं होतं, आणि यावर मला जरा रागाने लिहावंसं वाटतं. शिरेतून देतात त्या औषधाने झोप येते, धास्ती कमी होते, नंतर आठवणही पुसट होते. दुखणं थांबवण्याचं खरं काम करतं ते डोळ्याजवळचं इंजेक्शन. ते नीट बसलं नाही, किंवा काम लांबलं आणि असर कमी झाला, तर झोपेचं औषध कितीही दिलं तरी कळ जाणवते. मग झोप आणखी गाढ का करत नाहीत? तोंडावर हिरवं कापड असतं. गाढ झोपेत हनुवटी खाली पडते, श्वास अडतो आणि आम्हाला तोंडापर्यंत लवकर पोचता येत नाही. शिवाय असा गाढ झोपलेला माणूस दचकून जागा झाला तर डोळ्यात उपकरणं असताना डोकं हलवतो. म्हणून एक तर हलकी झोप आणि डोळा पक्का बधिर, नाही तर नळी घालून पूर्ण भूल. तुम्हाला बोलणं ऐकू येत होतं यात काही बिघडलं नव्हतं. दुखत होतं हे मात्र बिघडलेलं होतं, आणि त्यावर तिथल्या तिथे इलाज होता: सर्जन थांबतात, बोथट सुईने थोडं बधिर करणारं औषध आणखी सोडतात, दोन मिनिटांनी पुन्हा सुरू करतात.

हलू नका म्हणणाऱ्या सिस्टरचं बरोबरच होतं. पण त्यापाठोपाठ ‘दुखतंय का?’ हे विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी तुम्ही हात आणि डोकं तसंच ठेवून तोंडाने सांगा, “डॉक्टर, दुखतंय.” कापडाखालून आवाज नीट ऐकू येतो. आधी बोलून ठेवलं तर बऱ्याच ठिकाणी कोणीतरी हात हातात धरून बसतं, दुखलं की दाबायचा. मागायला संकोच करू नका.

उलट्यांना एकच कारण नव्हतं, तीन-चार कारणं एकावर एक आली. डोळ्याचे स्नायू ओढले किंवा डोळा दाबला की तो निरोप चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या पाचव्या नसेतून मेंदूत जातो आणि मेंदूतूनच निघणाऱ्या दहाव्या नसेतून खाली हृदय आणि पोटापर्यंत येतो. नाडी मंद होते, मळमळतं. १९०८ मध्ये आश्नर आणि दाग्निनी या दोन डॉक्टरांनी हे स्वतंत्रपणे लिहून ठेवलं. आम्ही थिएटरमध्ये मॉनिटरवर डोळा ठेवून बसतो ते यासाठीच. नाडी उतरायला लागली की सर्जनला हात सैल करायला सांगायचं, आणि लागलं तर नाडी वाढवणारं अॅट्रोपिन द्यायचं. लहान मुलांच्या तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर उलट्या जास्त होतात त्याचं एक कारण हेच.

दुसरं कारण औषधांचं. फेंटानिलसारखी वेदनाशामकं मळमळ आणतात, आणि घरी जाताना दिलेल्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल असेल तर तेही आणतं. तुमच्या कागदांवर हे नाव आहे का बघा. तिसरं तुमच्या प्रकृतीचं. अपफेल नावाच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये चार साधे प्रश्न मांडले: रुग्ण बाई आहे का, सिगारेट न ओढणारी आहे का, गाडी लागते का किंवा पूर्वी ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गातलं वेदनाशामक लागणार आहे का. चारही ‘नाही’ असतील तर उलट्यांची शक्यता १० टक्क्यांच्या आसपास, एक ‘हो’ असेल तर २०, दोनला ४०, तीनला ६०, चारला ८०. हे आकडे पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांचे आहेत, तुमच्यावर तसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण गाडी लागणाऱ्या, सिगारेट न ओढणाऱ्या बाईला आधीच उलटीचं इंजेक्शन द्यावं, हे त्यातून कळतं. ते तुम्हाला दिलं होतं का, हे तुम्हाला ठाऊक नाही. विचारायला हवं. त्यात उपाशी पोट, साताऱ्याहून वाईपर्यंतचा प्रवास, आणि गॅस भरल्यावर मान खाली घालून राहायची सक्ती.

आणि शेवटचं कारण, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले: डोळ्याचं प्रेशर. ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, साधारण १० ते २१ असतं. ऑपरेशननंतर पहिल्या रात्री ते चढू शकतं, गॅस भरलेल्या डोळ्यात तर नक्कीच लक्ष ठेवावं लागतं. मोतीबिंदूनंतरही काहींचं पहिल्या काही तासांत वाढतं, कारण काम करताना डोळ्यात भरलेलं जेलीसारखं औषध थोडं आत राहिलेलं असतं. चढलेल्या प्रेशरचं दुखणं भुवईच्या आत, कपाळात, कधी दाढेपर्यंत जातं आणि पोट ढवळून काढतं. आपल्या घरांत रात्री कोणाला उलटी झाली की पहिला शब्द ‘पित्त’ हाच निघतो. बादली येते, पाठीवरून हात फिरतो, कोकम विरघळवलं जातं, आणि ‘एकदा पडून गेलं की मोकळं वाटेल’ म्हणून घर वाट बघत बसतं. पित्ताच्या उलटीनंतर बहुतेकदा मोकळं वाटतंही. तुम्हाला उलटी झाल्यावर कपाळातला ठणका कमी झाला होता का? पत्रावरून दिसतं, नव्हता झाला. तिथेच पित्ताचा विचार सोडायला हवा होता. आणि उलटीच्या प्रत्येक उमाळ्याबरोबर जोर लागून डोळ्यावर ताण येतो, म्हणून ती नुसती सोसून चालत नाही.

ऑपरेशन न झालेल्यांसाठीही हे सांगायला हवं. पन्नाशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, कधीकधी काचबिंदूचा झटका असाच येतो. एका बाजूचं डोकं आणि डोळा प्रचंड दुखतो, डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात आणि उलट्या होतात. अर्धशिशी आणि पित्ताची औषधं घेण्यात दोन दिवस गेले तर नजर जाते. अशा माणसाला आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं.

पहिल्या रात्री थोडी चुरचुर, डोळ्यात कण गेल्यासारखं, पाणी येणं, पॅरासिटामॉलने उतरणारं दुखणं, हे चालतं. भूल उतरायच्या आधीच डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घेतली तर त्यातलं बरंच टळतं, कळ सुरू झाल्यावर गोळी मागे पडते. पण गोळीने न थांबणारा खोल ठणका आणि सोबत उलट्या, किंवा दिसणं कमी होत जाणं, किंवा पडदा ओढल्यासारखी सावली येणं, याला सकाळपर्यंत थांबायचं नाही. फोनवर ‘उलट्या होतायत’ एवढंच सांगितलं तर पलीकडच्या माणसालाही पित्तच सुचतं. म्हणून असं सांगायचं: “आज पडद्याचं ऑपरेशन झालंय, गॅस भरलाय, भुवईत ठणका आहे, गोळीने थांबत नाही. प्रेशर तपासायला आत्ता घेऊन येतोय.” तरीही सकाळी या म्हणाले, तर साताऱ्याचं सिव्हिल आहे, कराड-मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. कॅज्युअल्टीत जाऊन डोळ्याच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा. प्रेशर मोजायला मिनिट लागतं, आणि उतरवायला थेंब, गोळ्या, मॅनिटॉलची सलाइन असते, अगदीच लागलं तर बारीक सुईने थोडं पाणी किंवा गॅस काढतात.

दुसऱ्या ते सातव्या दिवसात बरा होत आलेला डोळा पुन्हा लाल झाला, दुखायला लागला, पापणी सुजली, दिसणं मंदावलं, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्यात तासांना किंमत असते. रविवार आहे, बाजार आहे, घरात लग्न आहे, यातलं काही मध्ये येऊ देऊ नका. गावोगावच्या शिबिरातून गाडीने नेऊन-आणून मोतीबिंदू काढलेल्यांच्या घरच्यांना मुद्दाम सांगते: गाडीतून उतरायच्या आधी रात्री फोन कोण उचलेल त्या माणसाचा नंबर कागदावर लिहून घ्या.

तुम्हाला प्रेशरसाठी दिलेली गोळी बहुधा डायमॉक्स असेल. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, तोंडाची चव जाते, आणि काहींना तिनेच मळमळतं. मुंग्यांना घाबरू नका, पण गोळी मनाने बंदही करू नका, डॉक्टरांना सांगा. सल्फाची अॅलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर ते आधीच सांगायचं.

तुमच्या यजमानांना दोन शब्द लिहिते, त्यांना वाचायला द्या. तुम्ही त्या रात्री फोन केलात, सकाळी घेऊन गेलात, ते चांगलं केलंत. पण बाऊ म्हणणं सोडा. बायकोने ‘दुखतंय’ म्हणणं बंद केलं तर दुसऱ्या डोळ्याच्या वेळी धोक्याची पहिली खूण तुम्हाला कळणारच नाही. तिची तक्रार हीच त्या रात्री तुमच्याकडची एकमेव तपासणी असते.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन टाळू नका. ते बरंच सोपं असेल, त्यात स्नायू ओढायचे नसतात. कधी करायचं ते मात्र पडद्याच्या डॉक्टरांच्या होकारानंतर ठरवा. आणि हेही आत्ताच माहीत असू द्या की पडद्याच्या अशा ऑपरेशननंतर डाव्या डोळ्यातही पुढे मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, म्हणजे थिएटरशी आणखी एकदा गाठ पडेल. तेव्हा आत्ताच नीट बोलून घेतलेलं बरं. सकाळची वेळ मागा, आणि त्या रात्री साताऱ्यात नातेवाइकांकडे राहता आलं तर राहा. उपास किती हे त्यांचा दवाखाना सांगेल. शिरेतून औषध द्यायचं असेल तर सहसा हलकं खाणं सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा मात्र पाण्यात धरत नाहीत. दुपारी बाराच्या ऑपरेशनला रात्रीपासून घोटभर पाण्यावाचून बसलात तर मळमळ तिथूनच सुरू होते.

तारीख ठरली की भुलीच्या डॉक्टरांना भेटायला मागा. भेट झाली नाही तर ही चिठ्ठी लिहून फाइलच्या वरच्या पानाला टाचा:

“मागच्या वेळी डोळ्यावर इंजेक्शन आणि शिरेतून औषध दिलं होतं. मध्ये दुखलं. रात्री भुवईत ठणका आणि उलट्या झाल्या, सकाळी प्रेशर वाढलेलं निघालं. मला गाडी लागते. उलटीचं औषध आधीच द्यावं. दुखलं तर मी तोंडाने सांगेन, तेव्हा थांबावं. घरी सोडण्याआधी प्रेशर तपासावं.”

उलटीसाठी ऑन्डानसेट्रॉन देतात, सोबत कधी डेक्सामिथासोन. तुम्हाला शुगर असेल तर चिठ्ठीत तेही लिहा, कारण डेक्सामिथासोनने ती वाढते. आणि मागच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. त्यावर गॅसचं नाव, दिलेली औषधं आणि दुसऱ्या दिवशीचं प्रेशर लिहिलेलं असायला हवं. नसेल तर याच आठवड्यात मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.